दुधावरची कोकरं

मनीषाला घड्याळ मिळालं आणि तिच्या अप्पांना हार्ट अटॅक आला, या दोन गोष्टी एकाच आठवड्यात झाल्या. दोन्हींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. तो नंतर आला.

घड्याळ मिळालं औरादला, तालुक्याच्या विज्ञान प्रश्नमंजूषेत. माणसाच्या हृदयाला कप्पे किती, हा प्रश्न पुरता विचारून व्हायच्या आत नववीतल्या मनीषानं "चार" म्हणून सांगितलं आणि कुणी विचारलं नव्हतं तरी चारींची नावंही सांगितली. सुगत सरांनी घड्याळ तिच्या मनगटावर बांधलं. त्याला सेकंदाचा लाल काटा होता. त्या दिवसापासून मनीषा कुणाशीही बोलताना डावा हात जरा पुढं धरायला लागली. गावात वेळ कुणी विचारत नव्हतं, तरी ती सांगायची.

अप्पा म्हणजे तिचे आजोबा, रामलिंग. वय सत्तरच्या अल्याड-पल्याड. एकेकाळी त्यांच्या गल्लीत घराघरात मेंढरं होती. आता निम्मी घरं शेतीला लागली होती आणि निम्मी हैदराबादला, सेंट्रिंगच्या कामाला. मनीषाचे आईवडीलही तिकडंच. कळप राहिला होता तो एकट्या अप्पांचा, आणि मनीषा राहिली होती ती शाळेसाठी, अप्पा आणि बाणूबाई आजीजवळ.

छातीत दुखायला लागलं तेव्हा अप्पा माळावर होते. त्यांनी आधी मेंढरं वळवून वाघुरीत घातली. वाघूर म्हणजे मेंढरं कोंडायचं जाळीचं कुंपण. मग गणती केली. एक कमी भरली. ती शोधून आणली. मग घरी येऊन बाजेवर टेकले आणि म्हणाले, "आगं, छातीवर कुणी तरी बसल्यावानी वाटायलंय बघ."

बिदरच्या डॉक्टर जगदेवप्पांनी विचारलं, दुखायला लागल्यापासून इथं पोचायला इतका वेळ का लागला?

"एक मेंढी नसती हरवली तर लवकर आलो असतो," अप्पा म्हणाले.

डॉक्टरांनी इंजेक्शनं देऊन अप्पांना वाचवलं आणि आठव्या दिवशी घरी सोडताना एका कागदावर हृदय काढून दाखवलं. ते कैरीसारखं दिसत होतं. त्याच्यावरून तीन नळ्या गेल्या होत्या आणि एका नळीत डॉक्टरांनी पेनानं गिचमिड काळं केलं होतं. "अज्जा, ही नळी तुंबली. तंबाखू, तेल, मीठ, वय, सगळं आतनं बसत जातं."

"ठिबकच्या नळीत खार बसतो तसं," अप्पा म्हणाले.

"तस्संच. नळी आपण मोकळी केली. पण तिच्या खालचं थोडं मांस मेलं. आता तिथनं ठोका कधीमधी चुकणार. म्हणून ही पांढरी गोळी. ठोक्यांना ओळीत ठेवती. पण ती नाडी हळू पण करती. म्हणून रोज सकाळी गोळीच्या आधी नाडी मोजायची, पूर्ण एक मिनिट. पन्नासच्या खाली आली तर त्या दिवशी पांढरी गोळी द्यायची न्हाई आणि मला फोन करायचा. चाळीसच्या खालीच राहायला लागली तर सरळ हैदराबाद. तिथं कातडीखाली मशीन बसवतात." डॉक्टरांनी मान वर केली. "मोजणार कोण?"

मनीषानं वर्गात करतात तसा हात वर केला. डावा.

पहिले चार दिवस तिनंच मोजलं. चौऱ्याहत्तर, शहात्तर, बहात्तर, चौऱ्याहत्तर. शंभर पानी वहीत तिनं रेघा मारून तारीख, वार, वेळ, आकडा असे रकाने पाडले होते आणि खाली सही करायची. सहीच्या आधी 'डॉ.' लिहायचा तिला एकदा मोह झाला होता, पण तिनं पेन्सिलनं लिहून खोडलं.

पाचव्या दिवशी ती अठ्ठावन्नवर असताना बाणूबाई चुलीपासून ओरडली, "मने, धाकट्या डब्यात मीठ हाय का बघ गं!"

"अठ्ठावन्न... काय म्हणलीस? एकोणसाठ... आज्जे, मी मोजायलेय ना! किती झालं? झालं, गेलं."

ती परत शून्यापासून लागली. बत्तीसवर कुत्रं भुंकलं. तिसऱ्या वेळेला अप्पांनी हात सोडवून घेतला.

"आण इकडं. अंगावरनं पळत जाणारी तीनशे मेंढरं मी बिनचष्म्याची मोजलीत. ह्ये तर दावणीला बांधलेलं एक जनावर. तू नुस्तं घड्याळ बघ. लाव म्हण, आन थांब म्हण."

ते खोटं नव्हतं. वाघुरीचं तोंड जरासं उघडायचं, मेंढरं ढकलाढकली करत बाहेर पडायची आणि अप्पा ओठसुद्धा न हलवता मोजायचे. वीस झाली की एक बोट मिटायचं. पन्नास वर्षांत त्यांची गणती चुकलेली कुणाला आठवत नव्हती. त्यांनी दोन बोटं मनगटावर ठेवली, डोळे मिटले. मिनिटानं मनीषा "थांबा" म्हणाली.

"तीन विसा आन चौदा."

मनीषानं लिहिलं: चौऱ्याहत्तर. आकडा बरोबर असणार यात तिलाही शंका नव्हती. फक्त सही आता 'मोजणार' म्हणून करायची की 'लिहिणार' म्हणून, एवढंच तिला ठरवता येईना.

तेवढ्यात भेटायला माणसं यायला लागली. हार्ट अटॅकचं माणूस घरी आलं की गावानं भेटायला जायचं, ग्लुकोज बिस्किटाचा पुडा उशाशी ठेवायचा आणि असल्याच दुखण्यानं गेलेल्या एका तरी माणसाची गोष्ट सांगायची, अशी रीत आहे. कोहिनूरहून चन्नव्वा मावशी आली ती तीन गोष्टी घेऊन. तिसऱ्या गोष्टीतला माणूस बरा झाला होता. पण त्याला घरी आणताना जीप उलटली.

आलेल्याला चहा. आणि पाहुण्याला एकट्यानं चहा प्यायला लावणं बरं दिसत नाही, म्हणून अप्पांना अर्धा कप. डॉक्टरांनी दिवसाला दोन कप चहाची मुभा दिली होती. अप्पांच्या मते दोन कप म्हणजे चार अर्धे, आणि पाहुण्याबरोबरचा चहा हा चहात धरत नाहीत. दोन दिवसांत उशाशी एकोणीस पुडे जमले. चहा किती झाला ते कुणी मोजलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अप्पा बाणूबाईला म्हणाले, "आत काही तरी दुडदुडायलंय."

"वायू असंल," बाणूबाई म्हणाली आणि तिनं ओवा दिला.

सकाळी मनीषा "लावा" म्हणाली. लाल काटा फिरला. "थांबा."

"एक विसा आन सतरा."

"तीन विसा?"

"एक."

सदतीस. मनीषानं घड्याळ कानाला लावून बघितलं. ते चालू होतं. परत मोजायला लावलं. छत्तीस. तिनं कागद काढून वाचला: पन्नासच्या खाली, पांढरी गोळी नाही. तिनं गोळी परत पाकिटात ठेवली, वहीत लाल पेननं नोंद केली आणि नरसिंगच्या दुकानातल्या कॉईन बॉक्सवर फोन करायला गेली.

डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन कंपाउंडरनं उचलला. डॉक्टर बुधवारपर्यंत गुलबर्ग्याला गेलेत, कागदावर लिहिलंय तसं करा, म्हणाला. मग तिनं हैदराबादला वडलांना लावला. कॉईन बॉक्समध्ये एका रुपयाला एक मिनिट मिळायचं, त्यामुळं योगीराज बोलायचे ते तारेसारखं.

"छत्तीस? मशीनच बसवावी लागंल. इकडं मोठा दवाखाना बघून ठेवतो. ह्या दुखण्यात मेंढरं कोण वळणार? मशीन बसवल्यावर बी दोघांनी इकडंच राहायचं. मेंढरं बाबूलालला द्यायची. मी फोन करतो त्याला. गुरुवारी टेम्पो घिऊन..."

रुपया संपला.

नरसिंग काट्यावर तूरडाळ जोखत होता. त्यानं मान वर न करता विचारलं, "सगळी विकायलेत काय गं?" त्यावरून संध्याकाळपर्यंत गावाला बातमी कळणार हे नक्की झालं.

घरी तिनं अप्पांना जसंच्या तसं सांगितलं. अप्पा वाघुरीची एक उसवलेली गाठ बांधत होते. त्यांनी ती पुरी बांधली.

"गुरुवारपर्यंत पन्नासच्या वर आलं तर?"

मनीषाला हा प्रश्न कागदावर सापडला नाही. पण तिला वाटलं उत्तर सोपं आहे. "तर मशीन कशाला? मग मेंढरं बी कामून विकायची?"

"मग ठीक हाय," अप्पा म्हणाले.

तेव्हापासून रोज सकाळी सातला घरातलं काम थांबायचं. बाणूबाई फुंकणी हातात धरून बसायची. अप्पा डोळे मिटायचे. मनीषा काट्याकडं बघायची. शनिवारी एक विसा आणि सोळा. रविवारी सतरा. सोमवारी परत सोळा. पांढरी गोळी पाकिटातच. मंगळवारी बाणूबाईला राहवलं नाही.

"आवं, जरा वाढवून सांगा की. कोण बघायला आलंय? तुमचंच मनगट, तुमचाच आकडा."

अप्पांनी डोळे उघडले. "गणतीत लबाडी करणाऱ्याच्या हातात मेंढरू टिकत न्हाई."

"खरं बोलून तरी कुठं टिकायलंय?"

अप्पा उठून वाघुरीकडं गेले.

मनीषा वहीकडं बघत बसली. ३६. तीन आणि सहा एकमेकांकडं पाठ करून, भांडल्यासारखे बसले होते. ते फिरवून समोरासमोर बसवले की त्रेसष्ट होत होते. पेनाला असा कितीसा वेळ लागला असता. आणि त्रेसष्ट झालं की टेम्पो नाही, हैदराबाद नाही, अप्पा बाजेवर बसून कुणाच्या तरी तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून रस्त्यावरची माणसं मोजत नाहीत. तिनं पेनाचं टोपण काढलं. मग तिला चन्नव्वा मावशीच्या पहिल्या दोन गोष्टी आठवल्या आणि तिनं टोपण परत बसवलं. आकडा तसाच राहिला. त्या दिवशी तिनं शाळेत कुणालाही वेळ सांगितली नाही.

गुरुवारी सकाळी बाबूलालचा टेम्पो दारात आला. बाबूलाल हा औरादच्या बाजारातला मेंढरांचा व्यापारी. जाड, हसरा, आणि जनावराच्या पाठीवर एकदा हात फिरवला की वजन सांगणारा. अप्पांकडं बघून तो म्हणाला, "क्या रामलिंगअण्णा, तब्येत उतरली तुमची. चार-सहा किलो तरी."

"पाच," अप्पा म्हणाले. "मला बी नेणार हाईस काय?"

"तुम्हाला कोण घेणार, अण्णा? दात बघून गिऱ्हाईक परत जाईल."

अप्पा वाघुरीच्या तोंडाशी उभे राहिले. एका बाजूला बाबूलाल, दुसऱ्या बाजूला मनीषा. शाळेला तिनं दांडी मारली होती. निदान शेवटची गणती तरी आपल्या वहीत असावी असं तिला वाटलं होतं. अप्पांनी जाळी हातभर बाजूला केली. मेंढरं सुटली. धूळ, लेंड्यांचा वास, बें-बें. मनीषानं ठरवून मोठ्यानं मोजलं. अप्पांचं एकेक बोट मिटत गेलं.

"एकशे अठरा!" मनीषा म्हणाली.

"चार विसा आन चार," अप्पा म्हणाले.

"चौऱ्याऐंशी," बाबूलाल म्हणाला. "बरोबर."

अप्पांची गणती चौतीसनं चुकली होती. पन्नास वर्षांत पहिल्यांदा, आणि ती पण व्यापाऱ्यापुढं. "अप्पा, तुमी कमी मोजलं. एकशे अठरा भरलेत. मी बघितलंय की!"

बाबूलाल हसला. "बेटी, तू कोकरं बी धरलीस. दुधावरचं कोकरू गणतीत येत न्हाई. आईच्या मागं आईबरोबर फुकट. बसमध्ये मांडीवरच्या लेकराला तिकीट पडतंय काय?"

"पयली लोकरीची कातर झाल्याबिगर कोकरू मोजत न्हाईत," अप्पा म्हणाले. "आईमागं पळायलंय तवर ते आईतच आलं. धनगराच्या घरात जन्मून तुला एवढं ठावं न्हाई व्हय गं?"

टेम्पोचं फळकं धाडकन खाली पडलं. मनीषा तिथंच उभी होती. तिच्या समोरून एक मेंढी गेली आणि मागोमाग तिचं कोकरू, धप्प-टुक, धप्प-टुक. मेंढी टाकायची पाऊल आणि कोकरू मारायचं उडी.

तिनं अप्पांचा हात धरला. गेले कित्येक दिवस तिनं या मनगटाला बोट लावलं नव्हतं. ती फक्त लावा आणि थांबा म्हणत होती. तिनं दोन बोटं टेकवली.

धप्प. त्याच्या लगेच मागं, अगदी बारीक, टुक. मग रिकामं. मग परत धप्प. टुक.

"अप्पा, ह्ये मागनं बारकं काय लागायलंय?"

"त्ये व्हय? त्ये मागनं पळायलंय."

"कवापासनं?"

"झालं की आठ दिवस."

"मग मोजलं कामून न्हाई?"

अप्पांनी तिच्याकडं असं बघितलं, की या पोरीला आताच तर सांगितलं. "दुधावरचं हाय की त्ये."

बाबूलालच्या हातात एक मेंढी अर्धवट उचललेली होती.

मनीषानं घड्याळ पुढं धरलं आणि एक मिनिट मोजलं, मोठं आणि बारकं दोन्ही. बाणूबाई मधे बोलली नाही. कुत्रं भुंकलं, पण मनीषा चुकली नाही.

"बहात्तर," ती म्हणाली. "बाबूलालकाका, ती मेंढी खाली ठेवा. आपल्याला बिदरला जायचंय."

"आपल्याला म्हंजी?"

"तुमचा टेम्पो हाय ना?"

बाबूलालनं टेम्पोकडं बघितलं, चौऱ्याऐंशी मेंढरांकडं बघितलं, मग अप्पांच्या ओठांकडं. ते जरा निळसर दिसत होते, ते पहिल्यांदा त्याच्याच लक्षात आलं. जनावर बघायची सवय. "चला," तो म्हणाला. "चौऱ्याऐंशी भरायला आलतो, एक घिऊन चाललोय. आन तो बी बिनलोकरीचा."

चव्वेचाळीस किलोमीटर मनीषा अप्पांचं मनगट धरून बसली. मधे एका ठिकाणी धप्पच्या मागं दोनदा टुक लागलं. तिनं बाबूलालला विचारलं, "याच्यापेक्षा जोरात जात न्हाई व्हय?"

डॉक्टर जगदेवप्पांनी मनगट धरलं, तोंड गंभीर केलं आणि म्हणाले, "छत्तीस-सदतीस."

"ही मोठी झाली," मनीषा म्हणाली. "बारकी धरा."

"कसली बारकी?"

मग तिनं सगळं सांगितलं. वही दाखवली, वाघूर सांगितली, कातर सांगितली. डॉक्टरांनी स्टेथोस्कोप छातीला लावला आणि ऐकू येणाऱ्या प्रत्येक ठोक्याला टेबलावर बोट आपटायला लागले. मनीषानं मनगट धरलं. टेबलावर दोनदा वाजायचं तेव्हा मनगटात एकच जोरात लागायचा. डॉक्टरांनी ईसीजीच्या तारा लावल्या. मशीनमधून कागदाची पट्टी निघाली. एक उंच, बारीक टोक. त्याला चिकटून एक बसकं, रुंद, बेढब टोक. मग मोकळी जागा. परत तसंच. पट्टीभर.

अप्पांनी मान उचलून बघितलं. "ही मेंढी. ह्ये तिचं कोकरू. आन ही मधली वाट."

डॉक्टरांनी पट्टी लांब धरली, जवळ धरली. अठरा वर्षांत त्यांना ही पट्टी अशी कुणी वाचून दाखवली नव्हती.

"गणती बरोबर हाय माझी," अप्पा म्हणाले. "रीत आमची हाय."

"रीत मेंढरांची, अज्जा. हृदयाला हा हिशेब चालत न्हाई. हा मागचा ठोका वेळेआधी पडतो. तोवर हृदय भरलेलं नसतं, रक्त थोडंच जातं, म्हणून हाताला बारीक लागतो. पण ठोका तो ठोकाच." ते मनीषाकडं वळले. "मशीन कुणाला? ज्याचं हृदय हळू चालतं त्याला. ह्यांचं हळू न्हाई. मधेमधे उडी मारायलंय. आणि ह्या उड्या कमी करायला काय दिलं होतं मी?"

मनीषाला उत्तर येत होतं. पहिल्यांदाच तिनं प्रश्न संपायच्या आत दिलं नाही.

"पांढरी गोळी."

"ती किती दिवस बंद?"

"सात."

खोलीत पंखा फिरत होता. डॉक्टर म्हणाले, "तू कागदावर लिहिलं होतं तेच केलंस. ठोका किती ते विचारायचं, हे मी लिहिलं; ठोका कसा ते विचारायचं, हे लिहायला पाहिजे होतं. पण एक ऐक. एका मेंढीमागं एक कोकरू, इथपर्यंत ठीक. असली कोकरं चार-पाच-दहा एकदम सुटली असती ना, तर अज्जाला आणायला टेम्पो कामाला आला नसता."

मनीषानं मान डोलावली. तिला रडू आलं नव्हतं. पंख्याचा वारा डोळ्यात जात होता.

रक्त तपासलं. पांढरीबरोबर दिलेल्या लघवीच्या गोळीनं अंगातला पोटॅशियम नावाचा क्षार वाहून गेला होता, त्यानंही कोकरं वाढतात असं कळलं. "आणि चहा किती?" डॉक्टरांनी विचारलं.

"दोन कप," अप्पा म्हणाले.

"पाहुण्यांबरोबरचा धरून," मनीषा म्हणाली.

अप्पांनी छताकडं बघितलं. "मग मोजावं लागंल."

तीन दिवस सलाईन, पांढरी गोळी परत सुरू, रोज केळं आणि नारळपाणी. बिस्किटाचे पुडे घेऊन आलेल्यांना डॉक्टरांनी दारातूनच परत पाठवलं. चन्नव्वा मावशीनं खिडकीतून चौथी गोष्ट सांगायचा प्रयत्न केला, पण पडदा ओढून घेण्यात आला.

गावी परत आल्यावर मनीषानं कॉईन बॉक्सवरून हैदराबादला फोन लावला.

"विकली का मेंढरं?" योगीराजांनी विचारलं.

"न्हाई. बाबा, अप्पांची नाडी छत्तीस नव्हतीच. बहात्तर होती. अप्पा कोकरं धरत नव्हते."

"कसली कोकरं? मने, मशीनचं काय? मी इकडं..."

रुपया संपला. तिच्याजवळ आणखी दोन होते, पण हे दोन रुपयांत समजावून होण्यासारखं नव्हतं. तिनं पत्र लिहायचं ठरवलं. नरसिंग तांदूळ जोखत होता. "कोकरं विकायचं ठरलं काय गं?" त्यानं विचारलं.

मेंढरं वळायला डॉक्टरांनी महिनाभर मनाई केली होती. नंतर जायचं ते सपाटीला, सावलीच्या वेळेला, आणि सगळा कळप एकट्यानं नाही. शेजारच्या वाडीचे कल्लप्पा अटॅक आल्या दिवसापासून कळप आपल्या मेंढरांत घालून नेत होते. अप्पा रोज संध्याकाळी बाजेवर बसून वाघुरीकडं तोंड करून मोजायचे, आणि कल्लप्पांना फक्त "बरोबर" म्हणायचे.

वहीत मनीषानं नवे रकाने पाडले. एक मेंढ्यांचा, एक कोकरांचा, आणि तिसरा दोन्हींच्या बेरजेचा. आता अप्पाही मोजायचे आणि तीही, एकेका मनगटावर. जुळलं तरच लिहायचं. पहिल्या दिवशी मेंढ्या साठ, कोकरं अकरा. चौथ्या दिवशी कोकरं सात. मग पाच. मग तीन. मनीषा आकडा सांगताना हरखून जायची, आणि अप्पा प्रत्येक वेळी वाघुरीकडं बघायचे. कोकरं कमी झाली म्हणून खूश व्हायला त्यांना आयुष्यात कुणी शिकवलं नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी बाणूबाई फुंकणी घेऊन बसली, लाल काटा फिरला आणि मनीषा "थांबा" म्हणाली.

"मेंढ्या तीन विसा आन आठ," अप्पा म्हणाले.

"अडुसष्ट. जुळलं. कोकरं?"

"एक."

"मला बी एकच लागलं." मनीषानं वही मांडीवर घेतली. "उद्या ते बी जाईल बघा, अप्पा."

अप्पांनी बाही खाली केली आणि पांढरी गोळी घ्यायला हात पुढं केला.

"एक राहू दे," ते म्हणाले. "रिकामी वाघूर बरी दिसत न्हाई."